एक काळा लॅपटॉप, बॅगेसह

प्रिय वर्षाराणी,

शाळेत कुणी अनोळखी बाई पत्र घेऊन आली म्हणून दचकू नकोस. ती शांभवी, माझ्या हाताखाली वकिली करते. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला दोनदा बजावलंय. फोनच केला असता, पण तुझा फोन तूच उचलशील याची खात्री नव्हती. स्टाफरूममध्ये वाचू नकोस. आणि अक्षर वाकडंतिकडं आलंय ते रागानं, तब्येत ठीक आहे माझी.

मागच्या गुरुवारी माझा लॅपटॉप चोरीला गेला. कोर्टातून येताना लक्ष्मीपुरीत भाजीला थांबले, बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून. मेथी आणि वांगी घेऊन आले तर मागची काच फुटलेली आणि बॅग गायब. भर दुपारी, भर बाजारात! शेजारचा टपरीवाला म्हणतो कसा, "आवाज आलता की बाई. पर आमास्नी वाटलं, किल्ली आत ऱ्हायली आसंल, म्हणून मालकानंच फोडली." इतकी माणसं तिथं उभी होती, एकानंही मान वळवून बघितलं नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर त्याहून कहर. आकाराम नावाचे हवालदार, माणूस वाईट नाही, चहासुद्धा मागवला. पण विचारतात काय, तर बिल हाय का, कंपनी कुठली, रंग कुठला. मी सांगतेय, अहो, त्यात अकरा बायकांचे जबाब आहेत. कुणाचा नवऱ्याविरुद्ध, कुणाचा साहेबाविरुद्ध. नावं, पत्ते, दवाखान्याचे कागद, अंगावरच्या वळांचे फोटो. काहींनी तर माहेरीसुद्धा सांगितलेलं नाही अजून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, 'एक काळ्या रंगाचा लॅपटॉप, बॅगेसह.' मी म्हटलं, आतलं लिहा की. तर म्हणाले, "आतलं काय लिवायचं मॅडम? आतलं कुटं चोराला पायजे आसतंय?" बॅगेची नोंद झाली बघ, बायकांची नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या बाररूममध्येही तेच. जो तो म्हणतोय, जुनाच होता की, नवा घे, त्यात काय एवढं! ओरडले मी सगळ्यांवर. वीस वर्षांत कोर्टात एवढी ओरडले नव्हते.

शांभवी मात्र काहीच बोलली नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो तिच्या गप्प बसण्याचा. कारण ती आधीच बोलून चुकली होती. वर्षभरात तीनदा. ताई, पासवर्ड काढू नका. ताई, अख्खी डिस्क कुलूपबंद करता येते, मशीन गेलं तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. मी सेट करून देते, दुपारभराचं काम आहे. ताई, गाडीत ठेवून जाऊ नका. आणि मी? पासवर्ड टाकायचा कंटाळा, म्हणून तो काढून टाकलेला. झाकण उघडलं की सगळं समोर. "माझ्या मशीनला कोण हात लावतंय?" असं मी तिला ऐटीत म्हटलं होतं.

तुला आपलं होस्टेल आठवतं का? त्या नेर्लीकरनं तुझी डायरी मेसमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, आणि मी ताटावरून उठून तिच्या कानाखाली वाजवली. हात खरकटाच होता. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. रेक्टरबाईंनी मला माफी मागायला लावली, मी मागितली नाही. तेव्हा किती सोपं होतं गं, मारायला समोर कुणीतरी होतं.

लॅपटॉप मंगळवारी सापडला. जुने कॉम्प्युटर घेणाऱ्या गुंडू नावाच्या माणसाच्या दुकानात. "एक पावणं दिऊन गेलं, म्या निस्ता चालू हाय का बगितला," एवढंच तो घोकत होता. चोर अजून मिळालेला नाही. ओळख पटवायला म्हणून ठाण्यात मला तो उघडायला लावला. मी सगळ्यात आधी अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी बघितली, आणि एका फाइलीपुढे चोरीनंतरची तारीख होती. आता मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कपाटात आहे. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मलासुद्धा त्याला हात लावता येत नाही. आकारामांनी कपाटाला मात्र मोठं कुलूप लावलंय!

शुक्रवारपासून मी त्या बायकांच्या दारोदार फिरतेय. दहा जणींना तोंडानं सांगून आले. एक रडली, एकीनं मलाच धीर दिला. कुरुंदवाडच्या दानम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलबाई, सोताच्या घराला कुलूप लावतासा न्हवं तुमी?" आणि दार लावून घेतलं. गाडीत येऊन बसले. तेव्हा कळलं, की आठ दिवस मी जगावर ओरडत होते ते हा प्रश्न ऐकू येऊ नये म्हणून.

वर्षा, अकरावी तू आहेस. दोन वर्षांपूर्वी मनगटाला प्लॅस्टर घालून तू माझ्याकडे आलीस, तीन तास बोललीस आणि आठ दिवसांनी फोन केलास, "क्रांते, मी परत आलेय घरी, ते पुसून टाक." मी म्हटलं, पुसलं. मी पुसलं नव्हतं. तू कधीतरी परत येशील, तेव्हा लागेल, असं मीच ठरवलं. तुला विचारलं नाही, आणि वर खोटं बोलले. ती फाइल शनिवारी दुपारी सव्वादोनला कुणीतरी उघडलीय. वाचली का, कुणाला पाठवली का, मला माहीत नाही. तुझ्या उदयसिंहला तालुक्यात कोण ओळखत नाही? उद्या कुणी त्याच्यासमोर ते धरलं, तर ते तुला त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. मी स्वतः आले असते, पण माझी गाडी शाळेपाशी दिसली तरी त्याच्या कानावर जाईल. शांभवी शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबेल. यायचं असेल तर आहेस तशी ये, माझ्या घरी वरची खोली तुझीच आहे. यायचं नसेल, तर मी काय करायचं आणि काय नाही, एवढं तिच्याजवळ सांग. या वेळी तू म्हणशील तेच करीन. आणि वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. माझ्या भरवशावर ठेवू नकोस.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
क्रांती