कोकराचा शिक्का

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. अल सद्द, दोहा

आधी कालची चूक दुरुस्त करते. आनंदाच्या भरात मी लिहिलं, की कॉमिकमधल्या दारावर सात शिक्के आहेत. आज नीट मोजले, सहाच आहेत. नऊ वर्षांची होईपर्यंत मला आजोबांनी घरीच शिकवलं. मोजल्याशिवाय लिहू नये, हा त्यांचा पहिला धडा. परदेशात पहिल्याच दिवशी तो विसरले, याची लाज वाटते.

बाकी सगळं छान. थोरल्या भावाच्या, मुदस्सिरभाईंच्या फ्लॅटमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. जैतूनभाभींनी आल्या आल्या कोलंबीचं सुकं केलं. भाची अदीबा आठ वर्षांची आहे. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते. नखांना गुलाबी पॉलिश लावून सगळ्यांना दाखवत फिरते.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. बाहेरून आलेली कॉमिक्स दुकानांत जाण्याआधी त्यातली आक्षेपार्ह चिन्हं काळ्या मार्करने झाकायची, हे माझं काम. या मालिकेत सेरॅथ नावाचा पंखवाला नायक एका दाराला पाठ लावून, ते दाबून धरून उभा असतो. दारावर ते शिक्के, प्रत्येकावर एक चिन्ह. काल सराव म्हणून एका प्रतीतलं एक चिन्ह झाकलं. ती प्रत खराब झाली म्हणून अदीबाला आणून दिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑफिसच्या प्रमुख सबीहा मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, रत्नागिरीला आंबे मोजायला होतीस का? इथे मोजायचं नसतं, झाकायचं आणि पुढे सरकायचं, यल्ला, चल उरक. टेबलावरच्या सगळ्या प्रतींतले साप आणि तारा झाकले. मग नवा गठ्ठा फोडला. त्याला कुणाचा हात लागला नव्हता, तरी त्यात साप नाही, तारा नाही. शिक्के चार. दाराला फट पडली आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

केरळच्या रिसेप्शनिस्टला शिक्क्यांबद्दल विचारलं. म्हणाली, तिच्या बायबलमध्ये सात शिक्क्यांची गुंडाळी आहे. ते शिक्के फोडायचा हक्क फक्त कोकराला, मार्करवाल्या क्लार्कला नव्हे. आणि हसली.

कोकरू. सात डोळ्यांचं. सरावाला मी झाकलं ते तेच. तिला दाखवायला शंभर प्रती चाळल्या. कुठल्याच प्रतीत नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी सातच होते. माझं मोजणं बरोबर होतं. शिक्के दार बंद ठेवायला होते आणि मी ते—

रविवार, ९ नोव्हेंबर

अदीबा आता इंग्रजी बोलत नाही. जेवताना मला म्हणाली, मोजलंस ना गो? आवाज आजोबांचा. ते गेले तेव्हा ही जन्मलीही नव्हती. भाभी खूश, पोरगी मराठी शिकली म्हणून. मी तोंड उघडलं, तर भाईंनी सुनावलं, गावचे वहम गावाला ठेवून यायचे होतेस.

आज मार्कर उचलला नाही. मॅडमनी माझ्यासमोर तीन शिक्के स्वतः झाकले. एकच उरला. सेरॅथ चित्रात नाही. फटीतून बोटं दिसतात. लहान. नखं गुलाबी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घरच्या प्रतीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. कोकरू वर आलं. त्याच क्षणी अदीबा रडली, इंग्रजीत पाणी मागितलं, मला आत्या म्हणाली. आमची अदीबा. पाच मिनिटं. मग शाई परत पसरली.

एक प्रत पुरत नाही. झाकलेल्या सगळ्या प्रती उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या गोदामात. ते फक्त गुरुवारी उघडतं, सकाळी सहाला. त्याच सकाळी आठ वाजता मॅडम शेवटचा शिक्का झाकणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

स्पिरिटच्या चार बाटल्या आणल्या. पिशवीत आहेत—

अदीबा शाळेतून आली. मागे उभी राहून हे वाचते आहे. तिला मराठी वाचता येत नाही—

विचारते, कधी जाणार गो? तिच्या हातात माझा मार्कर—

सांगणार नाही. लिहिणारही नाही— हात थांबत नाही, तोच उत्तर लिहितो आहे—

गुरुवार, तेरा नोव्हेंबर, सकाळी सहा वा—