अकरा हजार फोटोंची नवी नावं

३ मार्च

झालं एकदाचं! अकरा हजार दोनशे फोटोंची नावं चाळीस सेकंदांत बदलली. हे गेल्यापासून खालचा स्टुडिओ भाचा बघतो. यांनी फोटोंना दिलेल्या नावांचा त्याला वैताग – 'टोपीवाले सर', 'डोळे मिटणारी बाई', 'चष्मा काढायला तयार नाही'. म्हणाला, "मामी, एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. फोटो काढल्याची तारीख हेच नाव होईल. तुम्ही फक्त यादी नीट बघा आणि बटण दाबा."

डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी. मी कसली नीट बघते! सरसर खाली गेले. बटण दाबलं आणि त्याच क्षणी शेवटाकडच्या ओळी दिसल्या – 'हिला सांगायचं नाही १'. त्याखाली २, त्याखाली ३, असं नऊपर्यंत. मग सगळ्यांच्या तारखा झाल्या.

घाबरून ते सॉफ्टवेअरच बंद केलं.

४ मार्च

भाचा म्हणाला, "बंद केलंत? मग जुनी नावं गेली. उघडं असतं तर एका बटणावर परत आली असती." काय हवं होतं, विचारलं. काही नाही, म्हटलं.

'हिला' म्हणजे मलाच. दुसरी कोण?

५ मार्च

नऊ. एक-दोन नाही, नऊ.

७ मार्च

एकेक फोटो उघडतेय. पासपोर्टचे चेहरे, सगळे सरळ माझ्याकडे बघणारे. भांडी घासताना डोळ्यांपुढे तेच. बाई असेल? काही आजार लपवला असेल? पस्तीस वर्षं संसार केला आणि आता मेलेल्या माणसावर संशय घेतेय. लाज वाटते, पण हात थांबत नाही.

१० मार्च

सापडला एक. बाई नाही. माझा मुलगा.

आमच्याच निळ्या पडद्यापुढे बसलाय. चार वर्षांपूर्वीची ११ फेब्रुवारी. त्याचा वाढदिवस.

नऊ वर्षांपूर्वी तो भांडून निघाला तेव्हा मीच ओरडले होते – पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील! यांनाही शपथ घातली, त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. रागाच्या भरात बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून वाट बघतेय. पण 'शपथ सुटली' म्हणायला जीभ काही रेटली नाही.

११ मार्च

मग दर वर्षीची ११ फेब्रुवारीच उघडली. आठ सापडले. केस विरळ होत गेलेत. सहाव्यात दाढी आहे, शोभत नाही. आठव्यात हसतोय, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून.

आठ वेळा हे वर आले, माझ्या शेजारी बसून जेवले आणि अवाक्षर काढलं नाही. म्हणे शपथ पाळली! इतका राग येतोय. भांडू कुणाशी?

नववा मिळत नाही. तो गेल्यापासून यांच्या हयातीत त्याचे वाढदिवस आठच झाले. बोटांवर पुन्हा मोजले. आठच.

१२ मार्च

नववा यंदाचा निघाला. मागच्या महिन्यातला. हे जाऊन आठ महिने झालेत, म्हणून तिकडे बघितलंच नव्हतं.

भाच्याला विचारलं. आधी काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "दादा आला होता, मामी. फोटो मी काढला. मामा द्यायचे तेच नाव दिलं. नंतर तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहिला. म्हटलं, जा की वर. तर म्हणाला, नको, आईला काही झालं तर? आणि गेला."

सकाळचे अकरा वाजले होते म्हणे. मी वर भाजी निवडत असेन.