अंजूचं गाणं

अंजूच्या बाबांस, पांढरकवड्याहून हंसाचा नमस्कार.

फोन केला की तुम्ही गाऊन दाखवता, म्हणून पत्र.

बदली मानवली. मैत्रिणी मिळाल्या, वाचनालयातली एक कादंबरी चौघी मिळून वाचतो. शनिवारी त्यांच्याबरोबर गाण्याच्या मैफलीला जाते. तिथं समोर बसून खरं गाणं ऐकलं आणि कळलं, वीस वर्षं मी तुमच्या बेसूर गाण्याला मान डोलावत होते. गुडघा कसा आहे?

अंजूला शिकवणं आता थांबवा. परवा तिला फोनवर विचारलं, "काहून वं, तू बी बेसूर गाऊन राह्यली?"

म्हणाली, "मले येते नीट. पण नीट गायली तं बाबाले त्यायची चूक समजन, म्हणून मुद्दाम बिघडवते."

सुट्टी लागताच तिला इकडच्या एसटीत बसवून द्या. स्टँडवर निरोपाचं गाणं नको.

तुमचीच,
हंसा