एका हाकेला दिलेली ओ

आचरा, मंगळवार संध्याकाळ

१. उत्तर थायलंडमध्ये, सुट्टीच्या चौथ्या दिवशी, डोंगरातल्या धबधब्यापाशी मी फोनवर पाण्याचा आवाज रेकॉर्ड करत होते.
२. मागून एकदाच हाक आली, "चिमे!"
३. मी "ओ" म्हटलं.
४. वळले तर नुसतं धुकं. माझी मैत्रीण रुबिना खाली गाडीपाशी होती.

चिमी हे माझं घरातलं नाव. रुबिना आमच्याकडे राहून गेलीय, तिने ते ऐकलं असेल. भूत एकदाच हाक मारतं, म्हणून एका हाकेला ओ देऊ नये, असं आई लहानपणापासून सांगायची. मी कधी मानलं नाही. रुबिनाला सांगितलं तर म्हणाली, "भुताक काय व्हिसा लागना नाय गो!" मीही हसले.

आज हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं, आवाजाचा आलेखही तपासला. पाणी आहे, माझी ओ आहे. हाक नाही. माइकची दिशा चुकली असेल? मग माझी ओ एवढी स्पष्ट कशी?

इथवरच असतं तर मी विषय सोडला असता. पण मघाशी तांदूळ निवडताना आई म्हणाली, "कोणाक ओ दितंस गो? सकाळपासून तीनदा झाला. माका काय हाक आयकाक इली नाय."

मला एकदाही ओ दिल्याचं आठवत नाही.

रुबिनाला आत्ताच लिहिलं, मुद्दाम शुद्ध मराठीत, म्हणजे ती थट्टेवारी नेणार नाही: "धबधब्यापाशी मला चिमे अशी हाक तू मारलीस का? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. शुक्रवारपर्यंत कळव."