माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याकडेच

तीर्थस्वरूप सासूबाईंना,

जावयाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून मनातल्या मनात). आपली तब्येत ठणठणीत असावी. लेक आठ दिवस तिथेच असल्याने माझी बाजू अजून कानावर आली नसेल, ती कळवतो.

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसतोय, हे आपण जाणताच. (लोक माझ्या माघारी मला ‘उद्या-या साहेब’ म्हणतात, हेही आता जाणा.) गेल्या महिन्यात वरिष्ठांना हुक्की आली, की खिडकीशेजारी मोठा पडदा लावायचा आणि त्यात एआयचा हुबेहूब माणूस बसवायचा. चेहरा ओळखीचा हवा म्हणून माझा घेतला. तीन तास कॅमेऱ्यासमोर ‘हसा, हसा’ चाललं होतं. हसू आलं एकदाच. तेच आता दिवसभर वापरतात. पडद्यातला मी कुणावर खेकसत नाही, मान डोलावतो, ‘आपला त्रास मी समजू शकतो’ म्हणतो. माझ्या खिडकीकडे हल्ली माशीही फिरकत नाही.

तुमची लेक नळाला पाणी कमी येतं हे सांगायला आली (मला घरीच सांगायचं, पण मी तिलाही ‘उद्या बघू’ म्हणतो) आणि पाऊण तास त्याच्याशीच बोलत बसली. नळावरून गाडी माझ्यावर घसरली. मी घोरतो, विचारलेल्याला उत्तर देत नाही, एकोणतीस वर्षांत एकदाही हसून बोललो नाही. तो पठ्ठ्या माझ्याच तोंडाने ‘अगदी बरोबर आहे आपलं’ म्हणाला आणि तक्रार नोंदवून वर क्रमांकही दिला! मी शेजारी बसून सगळं ऐकत होतो. जाताना ती एवढंच म्हणाली, “परक्यांसाठी बरं हसता येतं!” आणि बॅग भरून आपल्याकडे आली.

इकडे माझे हाल आहेत. भात रोज करपतो, आणि करपला म्हणायलाही कुणी नाही. काल शेवटी मीच पडद्यासमोर उभा राहिलो (रांगेत, बाविसावा) आणि तक्रार बंद कर म्हणालो. तक्रारदाराचं समाधान झाल्याशिवाय होत नाही, असं त्याने मला गोड हसून सांगितलं.

आपला,
एकुलता एक जावई

ता. क. तिच्या मोबाइलवर चार आकडे येतील. ती झोपलेली असताना चष्मा लावून तेवढे मला कळवावेत, म्हणजे तक्रार इथूनच मिटवता येईल.

ता. क. २. आकडे राहू द्या, तिलाच इकडे पाठवा. आणि ते हसू परक्यांसाठीचं नाही, म्हणावं. कॅमेरा चालू असताना शिपायाने तिच्या हातचा डबा आणून समोर ठेवला होता. तिला सांगा, उद्या ये. या वेळी खरंच उद्या.