छपरावरचा शेवटचा कोहळा

मोहटोला,
५ जानेवारी १९५५

प्रिय कमळे,

तुझं कार्ड मिळालं. डाकवाल्यानं ते नेहमीसारखं शकुबाईच्या ओसरीवर टाकलं, तिच्या जावयानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि माझ्या हाती येईपर्यंत अर्ध्या टोल्याला ठाऊक झालं होतं की कमळी आपल्या मायला कायमची घेऊन चालली. कार्डावर मनातलं लिहू नये हे तुला मी कितीदा सांगितलंय. लग्न झालं, पोर झालं, तरी तुझी घाई काही गेली नाही. मी मात्र हे पाकिटात घालून पाठवते आहे, आणि तू ते एकटीनं वाच. जावईबापूंना नंतर सांगायचं तेवढं सांग.

तर तुझं म्हणणं असं की संक्रांत झाली की जावईबापू बैलबंडी घेऊन येतील. मी शेत बटईनं द्यायचं, शेळी शकुबाईला द्यायची, घराला कडी घालायची आणि नदीपल्याड तुझ्याकडे येऊन राहायचं. माझी बाज कुठल्या खोलीत टाकायची हेसुद्धा तू ठरवून बसलीस. बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले, माय एकटी आहे, रानाच्या कडेचं घर, वाघ वेशीपर्यंत येतो, रात्री तिला ताप आला तर पाणी कोण देईल, हे सगळं वाचून माझे डोळे भरून आले बाई. आणि बारक्याला खालचे दोन दात आले हे तू मुद्दाम शेवटी लिहिलंस, तेही मला कळलं. माझ्याच पोटची आहेस. तुला 'हो' म्हणायचं की 'नाही', हे घेऊन मी कार्ड आल्यापासून फिरते आहे. भात चढवते तर पाणी घालायला विसरते.

आधी इकडचं ऐक. थंडी अशी पडली आहे की सकाळी शेळीसुद्धा माझ्या चुलीजवळ येऊन बसते आणि मी उठवलं तर माझ्याकडेच बघते, जणू मीच पाहुणी. लाखोळी छान उगवली आहे, रोज भाजी खुडते. मंडईच्या जत्रेला तू आली नाहीस म्हणून सगळ्यांनी विचारलं. बारका लहान, थंडीवाऱ्यात नको, असं मी सांगितलं. यंदाच्या नाटकात चैतू राणी झाला होता. राजा लढाईवर निघतो तेव्हा राणीनं पाया पडायचं, तर हा वाकला आणि त्याचे लावलेले केस राजाच्या चपलेत अडकून निघाले. पण चैतू काही कमी नाही. केस हातात घेऊन, टकलावरून पदर ओढून, रडणं पुरं केलं त्यानं. माणसं हसून हसून लोळली. आपल्या कुंपणापलीकडचे मुखरूभाऊ तर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला त्यांच्याकडे पाण्याचा गडवा सरकवावा लागला. त्या माणसाला असं हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघितलं.

मुखरूभाऊंचं तुला ठाऊकच आहे. त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली, लेकरू नाही, घरात एक चूल आणि एक बैल. माझाही जोडीतला एक बैल मागच्या साथीत गेला, पवळ्या तेवढा उरला. तेव्हापासून त्यांचा लाख्या आणि आपला पवळ्या मिळून एक जोडी करतो. एक दिवस त्यांच्या धानाच्या बांधीत, एक दिवस आपल्या. नांगरणी, चिखलणी, आता मळणीचा चुरणा, सगळं असंच चाललंय. सुरुवातीला दोन्ही बैल एकमेकांना शिंगं दाखवायचे. आता एकाला गोठ्यात नेलं की दुसरा हंबरतो.

यंदा आपल्या घरी नवल झालं ते कोहळ्यांचं. तुझ्या बाबांनी तुंब्यात राखून ठेवलेलं बी आढ्याला लटकत होतं ना, ते मी परसात टोचलं. म्हटलं, त्यांच्या हातचं बी वाया कशाला जाऊ द्यायचं. तर तो वेल असा माजला की कुडावरून छपरावर चढला आणि दिवाळीपर्यंत सगळं छप्पर कोहळ्यांनी भरून गेलं. रात्री कौलं कुरकुरायला लागली की मला वाटायचं, एखादा माझ्या अंगावरच येतो की काय.

पण कोहळा घरात असून उपयोग काय? आपल्यात बाईनं कोहळ्याला पहिला घाव घालायचा नसतो. थोरला लेक मानतात त्याला. पुरुषमाणसानं कोयत्यानं दोन फाका करून द्यायच्या, मग बाईनं पावशीवर बसून काय चिरायचं ते चिरायचं. तुझे बाबा कसे कापायचे, आठवतं ना? अंगणात मांडी घालून, कोयता कपाळाला लावून, एका घावात दोन फाका. मग एक फाक माझ्या पदरात टाकून म्हणायचे, घे तुह्या थोरल्या लेकाले. आपल्याला लेक झाला नाही, तर हीच त्यांची थट्टा. मी रागवायची, आणि त्या दिवशी कोहळ्याच्या तळलेल्या बोंडांत गूळ जास्त पडायचा. ते गेले त्या वर्षी दोन कोहळे आले होते, ते मी न कापता लोकांना देऊन टाकले. यंदा मात्र एवढे कोहळे कोणाकोणाला देणार? आणि खरं सांगते, बोंडं खावीशी वाटत होती.

म्हणून एक दिवस कुंपणावरून मुखरूभाऊंना हाक मारली. ते कोयता घेऊन आले, मान खाली घालून कोहळा कापला आणि निघाले. कापणाऱ्याला वाटा द्यावा लागतो, म्हणून मी संध्याकाळी बोंडं करून वाटीभर पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी घासून परत आली, रिकामी नको म्हणून तिच्यात रानातली बोरं होती. मला वाटलं, माणसाला बोंडं आवडली. मग वड्यांसाठी एक कोहळा काढला. मग तुझ्यासाठी वड्या हव्यात म्हणून आणखी एक. मग नुसत्या भाजीला. दर खेपेला हाक, दर खेपेला कोयता, दर खेपेला वाटा. एकदा ते अंगणात उभे राहून छपराकडे बघत म्हणाले, बाई, सगळे एकाच दिवशी कापून टाकू का, तुमाले घडीघडी त्रास नाई. मी चटकन म्हटलं, कापलेला कोहळा टिकत नाही. ते म्हणाले, हे बी खरं हाये. आणि तेवढा एकच कापून निघाले.

शकुबाईची जीभ तुला माहीत आहे. एक दिवस शेणी थापता थापता मला म्हणते, काऊन वं सुगंधा, माह्या घरी बी चार पुरुष हायेत, कोहळा कापाले एकाले बी बलावत नाई तू. मी म्हटलं, तुझ्या घरचे चार पुरुष बोंडं खातात किती ते मला ठाऊक आहे. तिनं मान डोलावली आणि गालात हसली. मला त्या दिवशी घरी आल्यावर उगाच राग आला. तिचा नाही, माझाच. पुढचे कितीतरी दिवस मी कोहळा काढलाच नाही. तर एका सकाळी मुखरूभाऊ आपणच कोयता घेऊन अंगणात हजर. म्हणाले, लय दिस झाले, कोहळे सडून तर नाई राह्यले ना, म्हनून आलो.

आता पंधरवड्यापूर्वीची गोष्ट सांगते. आपल्या खळ्यावर चुरणा होता. रचून ठेवलेली पुंजणं उतरवून धानाचे भारे पसरले होते, पवळ्या आणि लाख्या गोल गोल फिरत होते, ऊन छान पडलं होतं. दुपारी मी जेवण घेऊन गेले. भात, वरण आणि कोहळ्याची भाजी. मुखरूभाऊ मळलेल्या धानाच्या तणसावर बसून जेवले. मी आणखी भाजी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात धरला, खाली बघितलं आणि म्हणाले, बाई, एक गोष्ट सांगाची होती. मले कोहळा आवडतच नाई. लहानपनापासून नाई. मी पळी हातात धरून उभीच राहिले. दिवाळीपासून या माणसानं बोंडं खाल्ली, वड्या खाल्ल्या, भाजी खाल्ली, वाटी घासून परत केली. मी विचारलं, मग खाता काऊन? ते म्हणाले, तुमी बलावता म्हनून.

कमळे, मी हसले. तणसावर बसून, पळी बाजूला टाकून, पोट धरून हसले. तुझे बाबा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. आधी ते घाबरले, मग तेही हसायला लागले, आणि बैल फिरायचे थांबून आमच्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या बाबांना मी विसरले असं समजू नको. त्यांची घोंगडी मी अजून उशाला घेते. पण घर इतकं मुकं झालं होतं की मी शेळीशी बोलायची, आणि ती उत्तर देत नाही म्हणून तिच्यावर चिडायची. आता सकाळी कुंपणापलीकडे खोकला ऐकू आला की बरं वाटतं. नाही आला तर काळजी वाटते. या वयात असं काही वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पावशी दाखवली असती.

तुझी पाठवणी आठव. नदीच्या वाळूत बंडी रुतली होती, तू आत रडत होतीस, तुझे बाबा तुझ्याहून मोठ्यानं रडत होते, आणि लग्नातलं कोरं धोतर नेसलेला एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उतरून चाकाला खांदा लावत होता. पल्याड गेल्यावर तू त्यांना म्हणाली होतीस, मुखरूकाका, माझ्या मायबाबाकडे लक्ष ठेवा. त्यांनी नुसती मान हलवली होती. ते म्हणतात की त्यांनी तेव्हाच शब्द दिला. बाबांच्या आजारपणात त्या माणसानं किती रात्री ओसरीवर काढल्या हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यांनीच सांगू दिलं नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. एवढी पानं भरली ती धीर गोळा करायलाच. तुझ्या लक्षात आलं असेल, वर मी मुखरूभाऊ, मुखरूभाऊ लिहिलं आणि खाली खाली त्यातला भाऊ गळून नुसतं 'ते' उरलं. मी ते खोडलं नाही. कमळे, आपल्यात नवरा गेलेली बाई पाट लावून पुन्हा संसार मांडते, तुझ्या आजीच्या बहिणीनंही लावला होता. आम्हा दोघांच्याही मनात तेच आहे. शकुबाईनं आपणहून गावच्या जाणत्यांना विचारलं, कोणाची ना नाही. पौष सरून माघ लागला की लावू म्हणतात. बैलांचं तर आधीच जमलंय. पण ते म्हणाले, कमळीले पुसल्याबिगर काई नाई. आणि माझंही तेच आहे. तुझ्या मनाला लागणार असेल तर मला हे नको. रागानं नाही म्हणत, खरंच म्हणते. तू माझी एकुलती आहेस. म्हणून तू कार्ड लिहू नको, शकुबाईच्या जावयाला वाचायला मिळेल. नुसती बंडी पाठव. बंडी रिकामी आली तर मी समजेन, काही विचारणार नाही, घराला कडी घालून हसत तिच्यात बसेन आणि बारक्याचे दात मोजत तुझ्याकडे राहीन. पण बंडीत तू बसून आलीस, बारक्याला मांडीवर घेऊन, तर मीही समजेन. छपरावर एकच कोहळा उरला आहे, सगळ्यात मोठा, बाबांच्या बियाचा. तो मी ठेवून दिला आहे. रिकाम्या बंडीतून आले तर सोबत आणीन, जावईबापू कापतील. तू आलीस तर तो इथेच अंगणात कापू, आणि बोंडं तू, मी आणि बारका, तिघंच खाऊ. त्यांना मी कांद्याची भजी तळून देईन.

वाट बघत असलेली,
तुझीच माय