धाकट्याचे पाकीट

३ मे

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा दंडवत कागदापुरताच समजावा. प्रत्यक्ष आडवा झालो तर मला उठवण्यास दोन माणसे लागतील.)

आपल्यातील अबोल्यास येत्या सोमवारी सात महिने पूर्ण होतील. एवढ्या प्रदीर्घ तपश्चर्येचा भंग मी आपणहून करीत आहे, त्यास कारण केवळ उद्यानशास्त्रीय आहे. अन्य काही नाही.

परवा शेजारचे निवृत्त मास्तर बागकामावर सल्ला देण्यास येताना दिसले, म्हणून मी बाबांच्या अवजारांच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेतले. तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला त्यांनी चिकटवलेला कागद मला प्रथमच दिसला. त्रेपन्न वर्षांत त्या खोलीत दार लावण्याइतका वेळ मी कधी थांबलोच नव्हतो. शीर्षक असे : 'वसंत सरता सरता करावयाची कामे'. एकूण कलमे सात.

सहा कलमांची अंमलबजावणी झाली आहे. गाजराची दाट रोपे विरळ केली. कोणास ठेवावे नि कोणास उपटावे याचा निवाडा करताना न्यायाधीश मंडळींविषयी प्रथमच कणव वाटली. टोमॅटोंना काठ्या दिल्या. ती बांधणी पाहून तुझी भावजय म्हणाली, "आधार दिलाय की अटक केलीये?" खिडकीतली मिरचीची रोपे रोज तासभर अंगणात नेऊन त्यांना उन्हावाऱ्याची दीक्षा देतो. शेणखत घातले. मुळांभोवती पालापाचोळा अंथरला. तण काढले, त्यात चार झाडे तण नव्हती असे मास्तरांचे मत पडले.

सातवे कलम मात्र आकळत नाही. तिथे एवढेच आहे : 'सर्वांत शेवटी धाकट्याचे.'

बियांचा डबा काढला. बाबांची पद्धत तुला ठाऊकच आहे. पाकिटावर झाडाचे नाव नाही, बी देणाऱ्याचे नाते वा हुद्दा. 'पोस्टमनचे' म्हणजे काकडी, 'आत्याचे' म्हणजे भोपळा. कोण काय, हे त्यांच्या डोक्यात, आणि ते त्यांच्याबरोबरच गेले. तळाशी एक पाकीट निघाले, 'धाकट्याचे'. आत अकरा काळी मिरी.

मी बाबांना आयुष्यात एक पानदेखील दिलेले नाही. तेव्हा मी असा तर्क केला की हा पित्याने पुत्रास मारलेला सौम्य टोमणा असावा; काही दिलेच नाही, म्हणून स्वयंपाकघरातली मिरी. टोमणा वाया जाऊ नये या सद्‌हेतूने त्यातले दोन दाणे मी उकडलेल्या अंड्यावर भरडले. आतून पांढरे पीठ निघाले. तुझी भावजय पाहतच राहिली. "ही कसली मिरी?" ती म्हणाली. "तुम्हाला आठवत नसेल, तर ज्यांना आठवतं त्यांना विचारा की."

म्हणून हे पत्र. नऊ दाणे उरले आहेत. मास्तर म्हणतात, जे काही असेल ते पंधरवड्यात मातीत जायला हवे. बी जुने आहे, पुढल्या वर्षापर्यंत दम धरणार नाही. हे काय आहे, ताई? आणि मी ते केव्हा दिले?

भिंतीलगतच्या वाफ्याविषयी तूर्त लिहीत नाही. तो कोरडा व नीटनेटका आहे.

आज्ञा झाल्यास आज्ञाधारक,
तुझा बंधू

३० मे

प्रिय ताई,

तुझे कार्ड मिळाले. आठ ओळी. दोनदा वाचले, मग तुझ्या भावजयीने मोठ्याने वाचले.

"मिरी नाहीत, गुलबक्षी आहे. तू सहा वर्षांचा होतास. बाबांना खोकला झाला होता. शाळेच्या कुंपणावरून मूठभर 'मिरी' तोडून आणलीस. त्यांनी तुझ्यासमोर एक चावल्याचं नाटक केलं, खोकला थांबला म्हणाले. उरलेली तुझ्या खिडकीखाली पेरली. दर वर्षी. तू खडी टाकलीस, तिथंच. अंडं खाल्लं नाहीस ना?"

अंडे टाकून दिले. प्रकृती उत्तम आहे.

आता भिंतीलगतचा वाफा. त्या खिडकीखाली दर वर्षी काही उगवते, संध्याकाळी उमलते, हे मला माहीत होते. ते आपोआप येते असा माझा समज होता. सत्तेचाळीस वर्षे मी 'आपोआप' या शब्दावर निर्वाह केला. बाबा गेल्यावर तो वाफा मी खणवला, निगा राखण्याचा व्याप नको म्हणून. रताळ्यासारखे काळे गड्डे निघाले, ते फेकले आणि वर खडी पसरली. तू आलीस, खिडकीतून खाली पाहिलेस, आणि चहा न घेताच निघालीस. मला वाटले, तुला खडीचा रंग आवडला नाही. खरे सांगायचे तर असे वाटून घेणे सोयीचे होते.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे, आणि तिच्याविषयी तू कार्डावर काही लिहिलेले नाहीस, हा तुझा चांगुलपणा. गेल्या वर्षी याच दिवसांत, इस्पितळात, बाबांनी मला विचारले होते, "धाकट्याचं पेरलंस का?" मी म्हणालो, "बाबा, धाकटा केव्हाच पेरून झाला, आता कापणीला आलाय." नर्स हसली. तेही हसले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तू पायथ्याशी उभी होतीस. तुला प्रश्न कळला होता. मला फक्त माझे उत्तर आवडले होते.

खडी मी स्वतः उचलली. सत्तावीस घमेली. मास्तर खुर्ची टाकून पाहत होते. एकही सल्ला दिला नाही. कार्ड आले त्या रात्री नऊ दाणे भिजत घातले, सकाळी बोटाच्या पेराएवढे खोल पेरले. दहा दिवस काही नाही. या दहा दिवसांत मातीकडे मी जितके पाहिले, तितके लग्नात वधूकडेही पाहिले नव्हते, असे वधूचे म्हणणे आहे. अकराव्या दिवशी दोन वर आली. आज सहा आहेत. जाड, दुमडलेली पाने. पाकिटातून नुकतीच काढल्यासारखी.

एक गोष्ट आठवत नाही, ती म्हणजे रंग. सत्तेचाळीस वर्षे खिडकीखाली होती, आणि मला रंग सांगता येत नाही. पिवळा? गुलाबी? तुला नक्की माहीत असणार. कृपा करून लिहू नकोस. दोन-अडीच महिन्यांत उमलतील, तेव्हा ये. संध्याकाळी ये. दिवसा आलीस तर ती मिटलेली असतील आणि तुला नुसते माझ्याशीच बोलत बसावे लागेल.

पुढे बी धरेल, ते साठवावे लागेल. त्यासाठी पाकीट आजच करून डब्यात ठेवले. बाबांच्या नियमाप्रमाणे वर देणाऱ्याचे नाते लिहायचे असते. बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो.

'बाबांचे' असे लिहिले आहे.

तुझा,
धाकटा